धुईतली झील

आमच्या भागात आवाज परत येत नाही.

बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या अंगाला वळलं, की जमीन एकेक गोष्ट सोडत जाते. आधी टेकड्या सोडते, मग मोठी झाडं, मग विहिरींतलं गोडं पाणी. उरते ती काळी माती आणि वर आभाळ. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, पण ती इतकी लांब, की तिच्या भरवशावर कुणी हाक मारू नये. या मातीत उभं राहून हाक मारली, की ती जाते. जाते म्हणजे जातेच. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

तसं नसतं हे मला आजोळी कळलं. माझं आजोळ शेंदूरजनाघाटचं. तिथं सातपुडा अगदी परसात येऊन बसलेला. मामाची संत्र्याची बाग डोंगराच्या पायथ्याला होती. बहार फुटला की त्या वासानं डोकं जड व्हायचं, भाकरीलासुद्धा फुलांचा वास यायचा. एका दुपारी आम्ही बागेत लपंडाव खेळत होतो. मामेभाऊ सापडेना, म्हणून मी त्याच्या नावानं ओरडले. तर समोरून कुणीतरी माझ्याच आवाजात त्याला हाक मारली. मी गप्प झाले, तेही गप्प झालं. मी पुन्हा ओरडले, तेही ओरडलं. मग मी जी पळत सुटले ती थेट मामीच्या पदरात. अंगात ताप भरला. मामा हसून बेजार.

"एवढ्याले काय भेली वं? डोंगर हाये थो. तू बोलली का थो बी बोलते."

त्याला ते इतकं साधं वाटत होतं, की मला त्याचीही भीती वाटायला लागली.

घरी परतल्यावर मी ही हकिगत मोठीमायला सांगितली. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमचं एकत्र घर होतं आणि माझ्या आईपेक्षा माझं तिच्याशी जास्त जमायचं. ती कण्या पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आपल्याकडं डोंगर नाई वं. म्हनून झील द्याले मानूस लागते."

झील म्हणजे गाण्यात एकीनं टाकलेली ओळ दुसरीनं झेलून परत देणं. गोंधळी देतात, भजनी मंडळातली माणसं देतात, पण मी ज्या झिलीबद्दल बोलते आहे ती कापसाच्या वेचणीतल्या बायांची. ती आता कुठं ऐकू येत नाही. निदान तुम्हाला येणार नाही.

दिवाळी सरली की शेतं पांढरी व्हायची. वेचणीला बाया पहाट फुटताच निघत, कारण दवानं भिजलेली बोंडं बोटांना कमी टोचतात. कार्तिकात सकाळी धुई, म्हणजे दाट धुकं, पडते. पूर्णेच्या काठाकडून ती जमिनीलगत सरकत येते आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, शेंड्यांवर अडकून राहते. पऱ्हाटी छातीला लागेल एवढी, वर धुई, खाली काळी माती, मध्ये पांढरा कापूस. त्यात प्रत्येक बाई आपापली पात धरून, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी घेऊन, पुढं सरकत जायची. दोन पातींपलीकडची बाई दिसत नसे. पायाखाली नाग असू शकतो, पुढं रानडुक्कर असू शकतं, आणि एखादी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाळ निजवून आलेली असायची. तेव्हा आपण सगळ्या आहोत ना, एवढं सतत विचारत राहावं लागे. ते विचारणं म्हणजे आमचं गाणं. मोठीमाय मधल्या पातीवरून उचल करायची:

"धुईत कोन वं, पातीवर कोन?"

मग थांबायची. कुठून तरी, धुईच्या आतून, झील यायची:

"मी हाये वं, मी हाये."

झील आली की पुढची ओळ. आली नाही तर पुढची ओळ उचलायचीच नाही, हात थांबवून उभं राहायचं. सगळं गाणं या थांबण्यावर तोललेलं होतं. आजोळच्या बायांची गाणी दाट असायची, ओळीला ओळ चिकटलेली. डोंगर आपणहून सूर परत देतो, त्यांना वाट बघायची सवय नाही. आमच्या गाण्यात ओळीपेक्षा मोकळी जागाच जास्त. मी सारा जन्म अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवलं. गाणं कानांनी शिकतात असं मुलांना सांगत आले. आमच्याकडं मात्र आधी जमीन बघावी लागते.

गाण्यातल्या बाकीच्या ओळी म्हणाल तर त्या कुणाला तोंडपाठ नव्हत्या, रोज नव्या व्हायच्या. कुणाच्या सासूचं नाक, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं, पोलीस पाटलाची फाटकी छत्री. जे असेल ते नाव घेऊन, आणि ती सासू दोन पाती सोडून वेचत असली तरी. आमच्या बोलीला आडपडदा ठाऊक नाही. पुण्याची माणसं म्हणतात, तुम्ही भांडता की बोलता तेच कळत नाही. सपाट रानात लपायला जागा नसते, मग बोलण्यात तरी कुठून आणायची. आणि आवाज असे, की त्यांना थोडा खार चढलेला. आमच्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं. घराच्या भिंतींवर तळाकडून पांढरी खपली चढत जायची, ती आम्ही पोरं नखानं काढून चाखायचो. बायांच्या गळ्यातही तशीच एक खरखर होती. ऐकून छान वाटायचं नाही, पण दूर जायची.

झील सगळ्यांत सुंदर द्यायची ती इंदू. मोठीमायची थोरली लेक, माझी चुलतबहीण. माझ्याहून बरीच मोठी, तिचं लग्न ठरायला आलं होतं. काळीसावळी, उंच, दोन वेण्या पुढं टाकून त्यांच्या टोकांना गाठ मारायची म्हणजे पऱ्हाटीत अडकत नसत. मी शाळेला सुटी असली की तिच्या पातीवर तिच्या मागं जायचे, तिनं सोडलेली बोंडं वेचायला. तिच्या लुगड्याला कायम कापसाच्या पानांचा ओला, तुरट वास असायचा. तो वास मला अजूनही कुठं आला, दुकानातल्या नव्या चादरीत आला तरी, मी मागं वळून पाहते.

इंदू खोडकर होती. आईनं ओळ टाकली की ती लगेच द्यायची नाही. बाकीच्या बायांना ठाऊक असायचं, की ही झील इंदूची आहे, म्हणून त्या गप्प. इंदू पातीत खाली बसायची, मला तोंडावर बोट ठेवून दाखवायची, आणि एक मोठा दम घेऊन धरून ठेवायची. धुईत मोठीमाय थांबलेली. सगळं शेत थांबलेलं. बोंडाचं कवच मोडल्याचासुद्धा आवाज नाही. मला हसू यायचं. अगदी आता कुणीतरी रडेल असं वाटलं, की इंदू उठून, भलत्याच दिशेला तोंड करून, झील सोडायची. ती लांबून आल्यासारखी यायची. मोठीमाय मग पुढची ओळ अशा आवाजात उचलायची, की तिचा जीव भांड्यात पडलेला आम्हाला कळायचा.

एका वर्षी आखाडात इंदू गेली. कशानं गेली ते त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही आणि पुढं मी विचारलं नाही. तिच्या वेण्यांच्या लाल फिती बरेच दिवस दोरीवर वाळत होत्या. काढायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

त्या वर्षीही कापूस फुटला. आमच्याकडं पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. शेताच्या एका कोपऱ्यात पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि तोच दहीभात पऱ्हाटीवर शिंपडत थोडं आत जायचं. मोठीमायनं ते सगळं केलं. बाया पातींवर उभ्या राहिल्या. इंदूची पात कुणी धरली नाही. धुई होती. कुणी काही गाईल असं वाटत नव्हतं.

मोठीमायनं उचल केली. "धुईत कोन वं, पातीवर कोन?"

कुणी मान वर केली नाही. माझी आई माझ्या शेजारी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात दाबला, म्हणजे मी तोंड उघडू नये. ती झील इंदूची होती. ती आम्ही कुणी द्यायची नव्हती, आणि देऊ नये असं कुणी ठरवलंही नव्हतं. मोठीमाय थांबली. थांबली, थांबली. मग शेताच्या खालच्या कोपऱ्यातून, जिथं पावसाचं पाणी साचतं तिथून, बगळे उठले. एकदम सगळे. ते आमच्या डोक्यावरून गेले, त्यांच्या पंखांचा आवाज तेवढा आला.

आणि मोठीमायनं पुढची ओळ उचलली.

झील आल्याशिवाय पुढची ओळ उचलायची नसते हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मी माझ्या आईकडं पाहिलं. ती वेचायला लागली होती. सगळ्याच वेचायला लागल्या होत्या. दुपारी शिदोऱ्या सोडल्या तेव्हा मोठीमायनं एक भाकरी ठेच्यासकट वेगळी काढून धुऱ्यावर ठेवली, आणि त्याबद्दलही कुणी बोललं नाही. इंदूच्या पातीचा कापूस शेवटपर्यंत झाडावर राहिला. तो लोंबून, धुळीनं करडा होऊन, वाऱ्यानं गेला.

मला मात्र काही ऐकू आलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं, मी गावी असेपर्यंत, दर वेचणीला मोठीमाय ती ओळ टाकायची, थांबायची, आणि पुढं जायची. दर वेळी मी कान टवकारून उभी राहायचे. एकदा तरी मला ऐकू यावं, असं मला फार वाटायचं. इंदू माझीही होती. ती झील फक्त तिच्या आईलाच देते याचं मला वाईट वाटायचं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मोठीमाय आता अमरावतीत माझ्याकडं असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली ती राहिलीच. मी एकटीच, त्यामुळं तिचा मुलगा गजानन म्हणाला, राहू दे, तुलाही सोबत. शेत तोच करतो. सरळ, कष्टाळू माणूस आहे. मोठीमायचं फ्लॅटमध्ये काही अडलं असेल तर ते पायाखालच्या फरशीपाशी. ती अनवाणी चालते आणि म्हणते, "माती कुठं गेली वं इथली?" सकाळी मी चहा टाकते तेव्हा आतल्या खोलीतून तिची उचल यायची. मग शांतता. मग पुढची ओळ. मी गॅस बारीक करून उभी राहायचे. इतकी वर्षं झाली तरी ते थांबणं मला ऐकल्याशिवाय राहवत नसे.

मागच्या वर्षी शेजाऱ्यांकडं मृणाल नावाची त्यांची भाची पुण्याहून आली होती. लोकगीतांवर काहीतरी अभ्यास करत होती. तिनं मोठीमायसमोर छोटं रेकॉर्डर ठेवलं. मोठीमायला माणूस मिळालं की आनंद, तिनं पोलीस पाटलाच्या छत्रीपासून सगळं गाऊन दाखवलं. मृणालनं घरी जाऊन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

"आजी, तुम्ही मध्ये मध्ये खूप वेळ थांबता. ओळ आठवत नाही का? मी त्या जागा कापून टाकू का?"

"मी नाई इसरत," मोठीमाय म्हणाली. "तुले ऐकू येत नाई त्याले मी काय करू?"

मृणालनं माझ्याकडं पाहिलं. तिनं त्या जागा कापल्या की ठेवल्या ते मी विचारलं नाही, पण जाताना ती मोठीमायच्या पाया न पडता गेली, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

गेल्या दिवाळीत गजाननचा फोन आला. शेतात शेततळं खोदायचं ठरलं होतं. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी पिकाला चालत नाही, पावसाचं गोडं पाणी साठवायचं तर दुसरा उपाय नाही. मी म्हटलं, चांगलं आहे. कुठं खोदणार, तर खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी आपोआप येतं तिथं. यंदाची वेचणी झाली की मशीन लावणार होता. मी फोन ठेवला तेव्हा मोठीमाय दारात उभी होती.

"कोनता कोपरा म्हने थो?"

मी सांगितलं. ती भिंतीला धरून खाली बसली. बराच वेळ तिनं फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तिथूनच झील देते ते. खंदलं का मंग कुठून देईन?" तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होते. एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी जे न बोलता ठेवलं होतं ते ती भाजीची गोष्ट सांगावी तसं बोलून मोकळी झाली. "मले एक डाव ने. सीतादहीले ने. एक डाव ऐकतो आन् मंग त्याले म्हना, खंद."

गजाननला मी यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, तिला सीतादही करायचं आहे. तो गाडी घेऊन आला. आम्ही पहाटेच निघालो. स्टीलच्या डब्यात दहीभात, पदराला हळदकुंकवाची पुडी, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. गाडीत ती डबा मांडीवर धरून बसली.

धुई तशीच होती. इतक्या वर्षांत माझं गाव छोटं झालं, रस्ता डांबरी झाला, धुई मात्र तेवढीच. पऱ्हाटी आता बुटकी असते, कमरेला लागते. आता माझ्या लक्षात आलं, की वेचणाऱ्या बाया कानाला मोबाइल लावून हिंदी गाणी ऐकत वेचत होत्या, आणि एकीलाही दुसरीला विचारायची गरज पडत नव्हती. खालच्या कोपऱ्यात गजाननने चुन्याच्या फक्कीनं मोठा चौकोन आखून ठेवला होता. पांढऱ्या कापसात पांढरा चौकोन. तिथं पऱ्हाटी उपटलेली होती आणि माती नुसती काळी, ओली, उघडी.

मोठीमायनं पाच खडे मांडले. पूजा केली. दहीभात शिंपडला. मग माझं मनगट धरून उभी राहिली आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"धुईत कोन वं, पातीवर कोन?"

तिचा आवाज म्हातारा झाला होता, पण ती खरखर तीच. तो गेला. मी त्याला जाताना ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. गजानन मोबाइल पाहत होता, त्यानं तो खिशात ठेवला.

ती थांबली. मीही थांबले. धुई हलत नव्हती. माझ्या मनगटावरची तिची बोटं हळूहळू घट्ट होत गेली. मी तिच्याकडं पाहिलं, तर तिचे ओठ किंचित उघडे होते, लहान मूल घास मागतं तसे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला एकदम वाटलं, येणार नाही. काही येणारच नाही. कधी आलंच नव्हतं, आणि आज ही शेवटची म्हातारी इथून रिकामी घरी जाणार, आणि तिला घेऊन जाणार मी. मला ते सोसवेना. इंदूची मी कोण होते, तिच्या पातीवरची मागची पोर. मी तोंड उघडलं.

"मी हाये वं, मी हाये."

शाळेत शिकवून स्वच्छ झालेला माझा आवाज, त्याला ना खार ना काही. आणि त्या पहिल्या 'मी'बरोबरच, खालच्या कोपऱ्यातून, उघड्या मातीवरून, दुसरा एक 'मी' निघाला. माझ्या शब्दाखाली तो आला आणि मी ऐकते आहे हे कळल्यासारखा तिथंच थांबला. मी माझी ओळ पुरी केली. ती पुरी करताना मला कळत होतं, की मी काय करते आहे, पण ओळ अर्धी सोडता येईना.

मोठीमायनं माझं मनगट सोडलं.

"तू काहून देली?"

मी चष्मा तिच्यापुढं धरला, तो तिनं घेतला नाही.

"ते दम घेऊन राहिली होती. थांबा लागते तिच्यासाठी. तुले मालूम नाई का? तू तं तिच्यासंगच असे." ती रागावली नव्हती. राग परवडला असता. "धरली होती तिनं. तुह्या आवाजानं सोडून देली."

तिनं पुन्हा उचल केली नाही. मी म्हटलं, मोठीमाय, एकदा अजून टाक, मी गप्प बसते. तिनं नुसती मान हलवली आणि खडे पदरात गोळा केले. येताना मूर्तिजापूरच्या फाट्यावर गजाननने चहा आणला, तो तिच्या हातात गार झाला. मला इतकं वाईट वाटत होतं, की रडूही येत नव्हतं. जे आयुष्यभर ऐकायचं होतं ते मला ऐकू आलं होतं, अर्धा शब्द, आणि तो मीच बुजवला होता.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. सकाळी चहा टाकला की आतून काही यायचं नाही. मी गॅस बारीक करून उभी राहायचे ती सवयीनं. एकदा न राहवून मी म्हटलं, "मोठीमाय, म्हन ना काहीतरी."

"कोनाले म्हनू?" ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तिचं खाणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे.

होळीनंतर मशीन लागलं. गजानन फोन करून सांगायचा. वरची काळी माती, मग पिवळसर थर, मग पांढरी, खार फुटलेली, हाताला थंड. सगळी माती उचलून ट्रॉल्यांनी सगळीकडं दिली, धुऱ्यांवर, गावातल्या भरावाला, आणि एक ट्रॉली बडनेऱ्याकडं कुणाच्या तरी बांधकामाला. एकदा त्यानं मध्येच हसत सांगितलं, की मशीनचा ड्रायव्हर दुपारी खड्ड्याजवळच्या निंबाखाली बसत नाही, सगळा रस्ता चालून डांबरी रोडवर उन्हात जाऊन बसतो. "म्हने मशीन बंद केलं का खड्ड्यात बाई बोलते. बह्याड हाये." ड्रायव्हरला असं वेड्यात काढलं खरं, पण तो नीट हसला नाही.

मोठीमायला मी हे सांगितलं नाही. तरी त्या दिवशी तिनं आपणहून विचारलं, "खंदलं का?"

"हो."

"लय खोल?"

"हो, खोल आहे."

तिनं पाण्याचा पेला मागितला, तो सगळा प्यायली.

वैशाखातली गोष्ट. अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत असेल. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मी तिच्या डोळ्यांचे थेंब आणायला राजकमल चौकाकडं गेले होते. जाताना दार बाहेरून लॉक केलं होतं, कारण ती हल्ली दार उघडून जिन्यात जाऊन बसते. ऑटोवाल्यानं कोपऱ्यावरच सोडलं. इमारतीत शिरले तर लाइट गेलेली. एरवी प्रत्येक मजल्यावर कूलर घरघरत असतात, ते सगळे बंद. इतकं शांत, की माझ्या चपलांचा आवाज मला नकोसा झाला, म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला धरून चढू लागले.

दाराशी पोचले. पर्समधून किल्ली काढली. तेवढ्यात आतून मोठीमायची उचल आली. इतक्या महिन्यांनी. आजारी माणसाची नव्हे, शेतातली, मधल्या पातीवरची.

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता. मी दात मिटले, ओठ मिटले, आणि वर हात दाबून धरला.

मग ते थांबणं. लाइट नाही, कूलर नाही, पंखा नाही. खाली कुणाच्या तरी नळाचं टपटपणं होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं. मी श्वास घेतला नाही. दाराच्या फटीतून वास आला, ओला, तुरट. घरात मोठीमायशिवाय कुणी नव्हतं. आणि तिच्या खोलीत पलंग, एक गोदरेजचं कपाट आणि भिंतीवरचं कॅलेंडर याशिवाय काही नाही.

कपाटाच्या बाजूनं, लांबून आल्यासारखी, झील आली. पोरीचा आवाज, खार चढलेला.

"मी हाये वं, मी हाये."

"किती उशीर लावते वं," मोठीमाय म्हणाली. आणि पुढची ओळ उचलली.

मी चपला खाली ठेवल्या, आवाज होऊ न देता. वरच्या पायरीवर बसले. आत ओळ जात होती, थांबत होती, परत येत होती, आणि कुणीतरी मध्येच हसत होतं. मला आत जायचं होतं. माझ्या अंगावरचा प्रत्येक केस मला सांगत होता, जा, नाहीतर पळ. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

खालच्या मजल्यावरचे देशमुखकाका दुधाची पिशवी घेऊन वर आले. मला जिन्यात बसलेलं पाहून थबकले.

"काय झालं मॅडम? किल्ली इसरल्या का?"

मी मूठ मिटली आणि हो म्हणाले.